घोड्यांच्या शर्यतीचा निकाल : भूमी आणि स्वार

डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली असा निर्णय दिला की, घोड्यांची शर्यत हा निव्वळ दैवावर अवलंबून असणारा खेळ नसून त्यात कौशल्याचा भाग प्रधान आहे. घोड्याचे वंशसातत्य, त्याला मिळालेले शिक्षण, स्वाराचे नैपुण्य आणि या साऱ्यांचे मूल्यमापन करण्याची पैज लावणाराची क्षमता यांचा विचार या निर्णयामागे होता. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तेथे मिटला. शास्त्राच्या दृष्टीने मात्र तो तेथेच सुरू होतो. शर्यतीच्या आदल्या रात्री पडलेल्या पावसाला कौशल्य म्हणावयाचे की दैव ? वळणावर चार घोड्यांच्या मागे कोंडून पडलेल्या स्वाराने चूक केली, की त्याचा नाइलाज झाला ? शर्यतीच्या निकालातून घोड्याच्या अंगच्या गुणांविषयी नेमके काय सिद्ध होते, हे ठरविण्यासाठी भूमी आणि स्वार या दोन घटकांचा स्वतंत्र व एकत्रित असा दोन्ही प्रकारे विचार करावा लागतो. हा विचार केवळ जिज्ञासेचा नाही. याच निकालांच्या आधारे कोणत्या घोड्यापासून पुढील पिढी निपजवावयाची हे ठरते, आणि कधी कधी एखाद्या स्वाराचा परवानाही त्यांवरच टिकतो वा जातो.

प्रथम भूमीचा विचार करू. भरधाव धावणाऱ्या थरोब्रेड घोड्याचे वजन साधारणतः साडेचारशे ते पाचशे किलोग्रॅम असते. चौखूर दौडीत एका क्षणी हा सारा भार एकाच पायावर येतो. इतकेच नव्हे तर आघाताच्या वेळी त्या पायावर येणारा दाब शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट होतो. खूर जमिनीवर आदळतो, क्षणभर किंचित पुढे सरकतो, स्थिरावतो आणि मग मागे रेटा देऊन सुटतो. या अल्पावधीत जमिनीने दोन परस्परविरोधी कामे करावयाची असतात. आघात सौम्य व्हावा इतपत तिने दबले पाहिजे, आणि रेटा वाया जाऊ नये इतपत तिने टिकले पाहिजे. फार कठीण जमीन पहिले काम करीत नाही. फार मऊ जमीन दुसरे करीत नाही. ओलसर मऊ जमिनीत खूर खोल रुततो, आणि माती दाबण्यात व उकरण्यात खर्च झालेली शक्ती घोड्याला परत मिळत नाही. वाळूत चालणाऱ्या माणसाची दमछाक होते ती याच कारणाने.

या फरकाचे परिमाण केवढे असू शकते हे इंग्लंडमधील एप्समच्या डर्बीवरून दिसते. सुमारे दीड मैलाच्या या शर्यतीत १९८३ साली, चिखलाने जड झालेल्या जमिनीवर, टीनोसो या विजेत्या घोड्यास २ मिनिटे ४९.०७ सेकंद लागले. २०१० साली बऱ्यापैकी घट्ट जमिनीवर वर्कफोर्सने तेच अंतर २ मिनिटे ३१.३३ सेकंदांत तोडून त्या शर्यतीचा विक्रम केला. म्हणजे सरासरी वेग एका प्रसंगी सेकंदास सुमारे १४.३ मीटर, तर दुसऱ्या प्रसंगी सुमारे १६ मीटर. दोन्ही घोडे आपापल्या वर्षीचे डर्बी-विजेते होते. केवळ वेळेच्या आकड्यांवरून त्यांची तुलना करणाऱ्यास त्यांच्यात अडीचशे मीटरांचे अंतर दिसेल, आणि ते अंतर बव्हंशी घोड्यांतील नसून जमिनीतील आहे. शर्यतीच्या वेळा हे घोड्याच्या गुणवत्तेचे माप आहे असे मानणाऱ्यांची संख्या कमी नाही, म्हणून हा मुद्दा स्पष्ट करणे इष्ट ठरते.

जमिनीची अवस्था पूर्वी अधिकाऱ्याने काठी खुपसून किंवा टाच रोवून ठरविण्याची रीत होती. अनुभवी माणसाच्या टाचेस तुच्छ लेखण्याचे कारण नाही. परंतु दोन टाचांचे एकमत होईलच याची शाश्वती नसते. यास्तव पेनेट्रोमीटर हे उपकरण प्रचारात आले. त्यात एक किलोग्रॅमचे वजन एक मीटर उंचीवरून सोडून एक दांडी जमिनीत ठोकली जाते आणि ती किती खोल जाते हे मोजले जाते. फ्रान्समध्ये रूढ झालेल्या या पद्धतीचे आकडे भारतातही शर्यतीपूर्वी प्रसिद्ध केले जातात. ब्रिटनमध्ये वापरात असलेली मापनकाठी याच्या एक पाऊल पुढे जाते. ती जमिनीत खुपसल्यानंतर मागे ओढली जाते आणि त्यामुळे जमिनीचा भेदनाला होणारा विरोध व कर्तनाला होणारा विरोध, असे दोन्ही समजतात. खुराला रेटा देताना दुसऱ्याचीच गरज अधिक असल्यामुळे ही सुधारणा महत्त्वाची आहे. तरीही सबंध मैदानासाठी एकच सरासरी आकडा देण्यात एक दोष उरतोच. मैदान एकजिनसी नसते. आतील कठड्यालगतची पट्टी प्रत्येक शर्यतीत सर्वांत जास्त तुडविली जाते, सखल भागात पाणी साचते, आणि झाडांच्या वा इमारतींच्या सावलीतील जमीन उशिरा वाळते. सरासरी आकडा 'चांगली जमीन' सांगत असतानाच कठड्यालगतची चार मीटर जमीन खराब असू शकते, आणि निकाल नेमका त्या चार मीटरांत ठरू शकतो.

पश्चिम भारतात या गोष्टीचा प्रत्यय येण्यास फार दूर जावे लागत नाही. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यतींचा पुण्यातील हंगाम पावसाळ्यात येतो व मुंबईतील हिवाळ्यात. पूर्वीच्या दलदलीच्या जागेवर १८८३ साली तयार झालेल्या महालक्ष्मीच्या मैदानावर हिवाळ्यात वरून पाऊस नसतो. जमिनीतील ओलावा माणसाने पाणी घालून राखावयाचा असतो आणि त्यामुळे तो बऱ्याच अंशी ताब्यात असतो. पुण्यास मात्र श्रावणातील एक सर दुपारच्या पहिल्या व शेवटच्या शर्यतीतील जमीन निराळी करून टाकते. पुण्याच्या हंगामात चमकलेला घोडा मुंबईस निस्तेज ठरला, किंवा उलट झाले, की प्रेक्षक ट्रेनरला, स्वाराला, प्रसंगी घोड्याच्या नशिबालाही दोष देतात. त्याच्या खुराचा आकार, पावलांची उंची व वजन यांचा विचार त्या मानाने क्वचितच होतो. सामान्य समजूत अशी की, पाऊल उंच उचलून टाकणारा व रुंद खुराचा घोडा मऊ जमिनीवर चालतो, आणि जमिनीलगत लांब पाऊल टाकणारा घट्ट जमिनीवर. यात तथ्य आहे. पण तिचा नियम बनविणे धोक्याचे आहे. वर उल्लेखिलेला वर्कफोर्स घट्ट जमिनीवर डर्बी विक्रमी वेळेत जिंकला, त्यानंतर जुलैमध्ये एस्कॉटच्या वेगवान जमिनीवर किंग जॉर्ज शर्यतीत पाचवा आला, आणि ऑक्टोबरमध्ये पॅरिसजवळ लाँशांच्या भिजलेल्या मैदानावर आर्क द त्रियोंफ ही शर्यत त्याने जिंकली. जमिनीच्या आवडीनिवडीवरून या तीन निकालांची संगती लावू पाहणारास अपयशच येईल.

भूमीच्या प्रश्नाला एक गंभीर बाजू आहे आणि ती निकालापुरती मर्यादित नाही. कॅलिफोर्नियातील सांता अनिता येथे डिसेंबर २०१८ अखेर सुरू झालेल्या हंगामात, जून २०१९ पर्यंत, तीस घोडे मृत्युमुखी पडले. त्या हिवाळ्यात तेथे असाधारण पाऊस झाला होता. अमेरिकेतील मातीची धावपट्टी पावसापूर्वी दाबून घट्ट केली जाते, म्हणजे पाणी आत न मुरता वरून वाहून जाते. पण त्यामुळे आघात शोषण्याची तिची शक्ती बदलते. मार्चमध्ये शर्यती काही काळ थांबविण्यात आल्या. चौकशीत कोणतेही एकमेव कारण निष्पन्न झाले नाही. मात्र अनेक घोड्यांच्या हाडांत, जेथे ती मोडली त्याच जागी, जुन्या इजेच्या खुणा आढळल्या. म्हणजे हाड आधीच कमकुवत झालेले होते आणि जमिनीने फक्त शेवटचा घाव घातला, असे अनेक बाबतींत म्हणावे लागते. वेगासाठी कठीण केलेले मैदान आणि घोड्याच्या पायांची सुरक्षितता यांतील ओढाताण येथे उघड होते. वेगवान वेळा पाहून टाळ्या वाजविणाऱ्या प्रेक्षकांस ती सहसा दिसत नाही.

आता स्वाराकडे वळू. स्वाराने घोड्याला वेग द्यावयाचा नसतो. तो घोड्याजवळ असतोच. असलेला वेग कोठे आणि केव्हा खर्चावयाचा एवढेच स्वाराच्या हाती असते. अपवाद एकच, आणि तो बैठकीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्वार लांब रिकिबीत पाय ताठ ठेवून जवळजवळ उभा बसत असे. १८९७ साली इंग्लंडमध्ये आलेल्या टॉड स्लोन या अमेरिकन स्वाराने रिकीब आखूड करून घोड्याच्या मानेवर ओणवे होण्याची पद्धत तेथे गाजविली. आरंभी तिची चेष्टा झाली, मग सर्वांनी तीच उचलली. २००९ साली ब्रिटिश संशोधकांनी जुन्या शर्यतींच्या वेळा तपासून दाखविले की, या बदलाच्या सुमारास वेळा पाच ते सात टक्क्यांनी सुधारल्या. त्यांची उपपत्ती अशी की, ओणवा स्वार गुडघ्यांच्या लवचिकपणामुळे घोड्याच्या प्रत्येक उसळीबरोबर स्वतः पुढेमागे होत नाही. त्याचा भार घोड्याने वाहिला तरी प्रत्येक पावलागणिक त्याला वेग देण्याचे व काढून घेण्याचे श्रम घोड्याचे वाचतात. वाऱ्याचा अडथळा कमी होतो हा लाभ त्याखालोखाल. आज ही बैठक सर्वांचीच असल्याने स्पर्धेत तिचा विशेष फायदा कोणास मिळत नाही.

वळणाचा प्रश्न भूमितीचा आहे आणि त्यामुळे तो निश्चितपणे सांगता येतो. अर्धवर्तुळाकार वळणावर आतील कठड्यापासून तीन मीटर अधिक बाहेरून धावणाऱ्या घोड्यास ३ गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे ९.४ मीटर जास्त अंतर कापावे लागते. पूर्ण फेरीच्या शर्यतीत ही वाढ १८.८ मीटर होते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ही वाढ मैदानाच्या आकारावर मुळीच अवलंबून नाही. वळण विशाल असो की तोकडे, वाढीव अंतर तेच. घोड्याची लांबी सुमारे २.४ मीटर धरल्यास एका वळणावर जवळजवळ चार लांब्यांचे नुकसान होते, आणि मोठ्या शर्यती बहुधा याहून कमी फरकाने जिंकल्या जातात. वळणाच्या त्रिज्येचा परिणाम निराळ्या रीतीने होतो. शंभर मीटर त्रिज्येच्या वळणावर सेकंदास सोळा मीटर वेगाने जाणारा घोडा उभ्या रेषेपासून सुमारे पंधरा अंश आत कलतो. जमीन निसरडी असेल तर इतका कल त्याला पेलत नाही व वेग आपोआप उतरतो. इंग्लंडमधील चेस्टर येथे एक फेरी जेमतेम मैलाहून थोडी अधिक असून ती बहुतांशी वळणांचीच बनलेली आहे. तेथे आतील क्रमांकाच्या फाटकातून सुटणाऱ्यास लाभ होतो, ही गोष्ट सर्व स्वार जाणून असतात.

याच ठिकाणी भूमी आणि स्वार यांची गाठ पडते. अंतराच्या हिशेबाने कठड्यालगतचा मार्ग सर्वांत चांगला. पण तोच मार्ग सर्वांत जास्त तुडविलेला असतो. पावसाळी दिवशी एप्सम येथे शेवटच्या सरळ भागात सारे स्वार एकाएकी आतील कठडा सोडून प्रेक्षकांच्या बाजूच्या कठड्याकडे धाव घेताना दिसतात, कारण तेथील गवत शाबूत असते. हे वाढीव अंतर मोजून मापून पत्करलेले असते. दिवसाच्या पहिल्या शर्यतीत एखाद्या स्वाराने हा प्रयोग करून पाहिला आणि तो साधला की उरलेल्या शर्यतींत सर्वजण त्याच बाजूस लोटतात; तिसऱ्या-चौथ्या शर्यतीपर्यंत ती पट्टीही खराब होते. शर्यतीआधी मैदानावर पायी फिरून येणारा स्वार वेळ दवडीत नसतो, एवढे यावरून कळावे.

गतीचे वाटप हा स्वाराच्या कलेचा गाभा होय. अर्धे अंतर सेकंदास १५ मीटर आणि अर्धे १७ मीटर या वेगांनी कापणारा घोडा २४०० मीटरांस १५०.६ सेकंद घेतो. तेच अंतर १६ मीटरांच्या समान वेगाने कापल्यास १५० सेकंद पुरतात. निव्वळ अंकगणितानेच नऊ मीटरांहून अधिक अंतर हातचे गेले. शिवाय हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने जलद भागात खर्ची पडलेले श्रम मंद भागातील बचतीने भरून निघत नाहीत. दौडीत घोड्याचा श्वास पावलाशी जखडलेला असतो, एका पावलास एक श्वास. त्यामुळे ऑक्सिजनाचा पुरवठा ठरावीक मर्यादेपलीकडे वाढविणे त्याला शक्य नसते. ती मर्यादा ओलांडून काढलेला वेग स्नायूंतील साठ्यावर चालतो व तो साठा संपला की घोडा खुंटतो. लवकर खर्चणारा शेवटी उघडा पडतो. परंतु फार जपून ठेवणाराही हरतो, कारण विजयस्तंभापाशी उरलेल्या शक्तीची किंमत शून्य असते.

१९७३ साली सेक्रेटेरिएट या अमेरिकन घोड्याने केंटकी डर्बीत सव्वा मैल अंतर तोडताना पाव पाव मैलाला अनुक्रमे २५.२, २४, २३.८, २३.४ व २३ सेकंद घेतले. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याहून जलद होता. पाच आठवड्यांनी बेलमाँट येथील दीड मैलाच्या शर्यतीत मात्र स्वार रॉन टरकॉट याने त्याला आरंभापासून मोकळे सोडले; पहिले पाऊण मैल १ मिनिट ९.८ सेकंदांत झाले. एवढ्या वेगाने त्याच्या बरोबरीने धावलेला शॅम हा नामांकित घोडा पार कोलमडून शेवटचा आला, आणि सेक्रेटेरिएट २ मिनिटे २४ सेकंदांत एकतीस लांब्यांनी जिंकला. एकाच घोड्याने दोन परस्परविरुद्ध पद्धतींनी दोन्ही वेळा विजय मिळविला, यावरून पद्धत गौण ठरत नाही. सेक्रेटेरिएटला जो वेग परवडला त्याने शॅमचा घात झाला. एकाची युक्ती दुसऱ्याच्या अंगी लागत नाही, हेच त्यातून दिसते.

दुसऱ्या घोड्याच्या मागे राहण्याचा लाभ किती, याविषयी स्वारांत परंपरेने मतभेद होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश संशोधनात ३,३५७ शर्यतींतील ४४,८०३ घोड्यांचे स्थान रेडिओ यंत्रणेने दर सेकंदास नोंदविण्यात आले. मागे आडोशाने धावल्याचा निकालावर ठळक परिणाम होतो, असे त्यात आढळले. मात्र या आडोशाची किंमत मोजावी लागते. मागे राहणाराच्या तोंडावर माती उडते, आणि समोरची भिंत वेळेवर फुटेल याची खात्री नसते. उलटपक्षी, आघाडीवर राहणाऱ्याला वाट मोकळी असते, आणि मागच्यांनी त्याला मंद गतीने धावू दिले तर तो सर्वांनाच फसवितो. स्टीव्ह कॉथेन या अमेरिकन स्वाराने १९८५ साली स्लिप अँकरवर व १९८७ साली रेफरन्स पॉइंटवर बसून एप्समची डर्बी अशीच आघाडीवरून जिंकली. अमेरिकेत घड्याळाच्या ठोक्यावर घोडे दौडविण्याची शिस्त त्याच्या अंगी भिनलेली होती.

याच्या नेमके उलटे उदाहरण १९८६ च्या डर्बीचे होय, आणि शर्यतीच्या निकालातून काय सिद्ध होते या प्रश्नाला ते थेट भिडते. डान्सिंग ब्रेव्ह हा त्या वर्षीचा अग्रगण्य घोडा. त्याला दीड मैलाचा दम पुरेल की नाही याविषयी शंका असल्याने स्वार ग्रेव्हिल स्टार्की याने त्याला मागच्या घोळक्यात थोपवून धरले. एप्समचे मैदान चढणीने सुरू होते, मग टॅटनम वळणाकडे उतरते, आणि शेवटचा सरळ भागही एका बाजूस कललेला आहे. अशा उतारावर तोल सावरीत असलेल्या घोड्याला एकदम वेग घेता येत नाही. डान्सिंग ब्रेव्हला तोल सापडून तो सुटला तेव्हा पुढील घोडे फार दूर गेले होते. अखेरच्या टप्प्यात तो विलक्षण वेगाने आला, तरी वॉल्टर स्विनबर्नच्या शाहरस्तानीने त्याला अर्ध्या लांबीने हरविले. जुलैत एस्कॉट येथे तेवढ्याच अंतरावर पॅट एडरी त्याच्या पाठीवर होता. डान्सिंग ब्रेव्ह पहिला आणि शाहरस्तानी चौथा आला. ऑक्टोबरमध्ये एडरीनेच लाँशां येथे त्याला पुन्हा उशिरापर्यंत मागे ठेवले आणि बाहेरून आणून आर्क शर्यत जिंकली. एप्समला ज्या युक्तीने शर्यत गेली, तीच लाँशांला फळली. तेथे शर्यतीची गती जलद होती, अखेरचा सरळ भाग सपाट होता आणि जमीन घट्ट होती. स्टार्कीवर त्या काळी झालेली टीका निराधार नव्हती. पण ती बहुतेक वेळा एप्समच्या उताराला वगळून केली गेली. डर्बीच्या नोंदवहीत मात्र विजेता म्हणून शाहरस्तानीचेच नाव राहणार, आणि ते न्याय्यही आहे, कारण शर्यत ही त्या दिवशी, त्या जमिनीवर, त्या स्वारासह लागलेली असते.

जमिनीचा अंदाज आणि गतीचा हिशेब यांचा मेळ टीनोसोच्या १९८३ च्या विजयात दिसतो. स्वार होता लेस्टर पिगट, आणि हा त्याचा नववा डर्बी-विजय. जड जमिनीवर मागून येणाऱ्या घोड्याला झेप घेता येत नाही, कारण रेटा द्यावयास जमीन टिकत नाही. वेग वाढविण्यासच कितीतरी अंतर लागते. पिगटने टीनोसोला आघाडीच्या घोड्यांजवळ ठेवले आणि सरळ भागात लवकरच पुढे काढले. मागच्यांना ते अंतर भरून काढता आले नाही.

शर्यतीच्या नियमांनुसार प्रत्येक स्वाराने आपल्या घोड्यास शक्य ते सर्वोत्तम स्थान मिळवून देण्याचा प्रयत्न केला पाहिजे. तसा प्रयत्न झाला नाही असा संशय आल्यास स्टुअर्ड चौकशी करतात, आणि दोष सिद्ध झाला तर स्वाराची उपजीविका धोक्यात येते. हरलेल्या लोकप्रिय घोड्याच्या स्वारावर प्रेक्षकांचा रोष तर चौकशीच्या आधीच ओढवलेला असतो. चित्रफितीत स्वार घोडा मागे धरून बसलेला दिसतो; पण ते धरणे लबाडीचे होते, की फार जलद गतीच्या शर्यतीत केलेला रास्त संयम, की चुकलेला अंदाज, हे केवळ चित्र पाहून सांगता येत नाही. त्यासाठी शर्यतीच्या टप्प्याटप्प्याच्या वेळा लागतात, त्या दिवशीच्या जमिनीची मापे केवळ सरासरीने नव्हे तर पट्टीपट्टीने लागतात, आणि प्रत्येक घोड्याने वळणावर किती वाढीव अंतर कापले याचा हिशेब लागतो. मंद गतीच्या शर्यतीत शेवटी राहून हरलेला स्वार आणि जलद गतीच्या शर्यतीत शेवटी राहून हरलेला स्वार यांच्या वर्तनाचा अर्थ सर्वस्वी भिन्न आहे, जरी चित्रफितीत दोघेही सारखेच दिसत असले. ही मापे आज यंत्रांनी सहज घेता येतात. जेथे ती घेतली जात नाहीत तेथे चौकशीचा निर्णय अनुभवी डोळ्यावर सोपवावा लागतो, आणि तो डोळाही त्या दिवशी मैदानाच्या एकाच बाजूस बसलेला असतो.